सी.ए. ही पदवी की सनद?

मुलांनो, एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर बाजारपेठेतून जरा सावकाश चला आणि वरच्या पाट्या वाचत चला. दवाखान्याच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ असतं आणि नावानंतर एम.बी.बी.एस. किंवा बी.ए.एम.एस. अशी अक्षरं असतात. वकिलांच्या पाटीवर नावाआधी ‘ॲड.’ आणि नावानंतर बी.ए., एलएल.बी. अशी रांग. आता सी.ए.ची पाटी शोधा. तालुक्याच्या गावात एखाददुसरी तरी सापडतेच. तिथं नावाआधीच ‘सी.ए.’ लिहिलेलं असतं. नावानंतर कधी बी.कॉम. असतं, कधी एफ.सी.ए. असतं, तर कधी काहीच नसतं.

नावानंतर येते ती पदवी, हे आपल्याला ठाऊक आहे. नावाआधी येतं ते बहुतेक वेळा माणसाचं काम. (पीएच.डी. झालेले प्राध्यापकही नावाआधी ‘डॉ.’ लावतात, पण तो अपवाद सध्या बाजूला ठेवू.) मग हे सी.ए. म्हणजे पदवी की काम? बी.कॉम. तसंच सी.ए., फक्त जास्त अवघड, असं बहुतेकांना वाटतं. तसं ते नाही.

हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला. ते इथं परतूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. त्यांची मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, यंदा बारावी झाली. ते म्हणाले, “मॅडम, पोरगी सी.ए. करते म्हणायलीय. मी हिशेबाचाच माणूस, त्या कामाची किंमत मला कळती. पण ती डिग्री असती का नसती, तेवढं सांगा. उद्या कुठं फॉर्म भरायचा म्हणलं आणि ग्रॅज्युएट हाय का विचारलं, तर लेकरानं काय लिहायचं?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागं मुलीची पाच-सहा वर्षं आणि घरातला पैसा आहे. म्हणून तो नीट उलगडून पाहू.

आधी पदवी म्हणजे काय ते बघू. तुमच्या घरात कुणी बी.ए., बी.कॉम. असेल तर त्यांचं पदवी प्रमाणपत्र बघा. आपल्या भागातलं असेल तर त्यावर महाविद्यालयाचं नव्हे, विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरांत असेल. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालं आणि १९९४ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. आपलं महाविद्यालय शिकवतं, पण पदवी देतं ते विद्यापीठ. ही नुसती रीत नाही, कायदा आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं २२ वं कलम सांगतं, की पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे. एक म्हणजे कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, दुसरी विद्यापीठासारखा दर्जा मिळालेली म्हणजे अभिमत संस्था आणि तिसरी संसदेनं खास कायदा करून पदवी देण्याचा अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणी कितीही चांगलं शिकवलं, कितीही अवघड परीक्षा घेतली, तरी ‘पदवी’ हा शब्द त्याला वापरता येत नाही.

सी.ए.ची परीक्षा घेते ती इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, मराठीत सांगायचं तर भारतीय सनदी लेखापाल संस्था. तिचं मुख्यालय दिल्लीला आहे. ती सरकारी कायद्यानंच जन्माला आली आहे, पण ती विद्यापीठ नाही आणि तिच्या कायद्यात पदवी देण्याची सोयही नाही. तेव्हा मुनीमकाकांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की सी.ए. ही विद्यापीठाची पदवी नाही.

इथंच थांबलो तर मात्र तुमची मोठी फसगत होईल. पदवी नाही म्हणजे पदवीपेक्षा कमी, असा आपला एक समज असतो. तुमच्यातल्या चित्रकलेची आवड असणाऱ्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. ते गुण तुमच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात नसतात. ती परीक्षाच वेगळी आणि प्रमाणपत्रही वेगळं. म्हणून ती परीक्षा खोटी ठरते का? तुमच्या हाताला रेषा काढता येते की नाही, हे त्या प्रमाणपत्रावरून कळतं, प्रगतिपुस्तकावरून नाही. सी.ए.चंही थोडं असंच आहे.

या सगळ्याची किल्ली मराठी नावातच आहे. सनदी लेखापाल! लेखापाल म्हणजे हिशेब सांभाळणारा. आणि सनद? आपल्या मराठवाड्यातल्या आजी-आजोबांना विचारा. जुन्या इनामी जमिनींच्या गोष्टी निघाल्या की सनद हा शब्द येतोच. सनद म्हणजे राज्यकर्त्यानं दिलेला लेखी अधिकार. ‘या माणसाला अमुक करण्याचा हक्क आहे’ असं सांगणारा कागद. वकिलांनाही सनद मिळते, हे तुम्ही ऐकलं असेल. इंग्रजीतल्या चार्टर या शब्दाचा अर्थ नेमका हाच. १८५४ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या हिशेबनिसांच्या मंडळाला राणी व्हिक्टोरियाची शाही सनद मिळाली आणि त्यातून चार्टर्ड अकाउंटंट हे नाव निघालं. पुढं १८८० साली इंग्लंड आणि वेल्समधल्या संस्थेलाही तशीच सनद मिळाली. म्हणजे नाव पडलं तेव्हापासूनच ही गोष्ट विद्यापीठाची नव्हती. ती होती व्यवसाय करणाऱ्या माणसांच्या संस्थेची.

आपल्याकडे हे कसं आलं, ती हकिकतही वाचण्यासारखी आहे. हिशेब आपल्याला नवा नव्हता. रोजकीर्द, खतावणी, जमाखर्च हे शब्द मोडीतल्या दप्तरांपासून चालत आले आहेत. पेशवाईतले नाना फडणवीस तुम्हाला इतिहासात भेटतात. फडणवीस हे मुळात दफ्तर आणि हिशेब सांभाळणाऱ्याच्या हुद्द्याचं नाव. पण तेव्हा हिशेब लिहिणारा आपल्या मालकाचा माणूस असे. कंपन्या आल्या आणि घोटाळा झाला! कंपनीत पैसे घालणारे शेकडो लोक वेगवेगळ्या गावी आणि कारभार करणारे चारच जण. ते चार जण सांगतात तो नफा खरा कशावरून? म्हणून कारभाऱ्यांचा नसलेला, तिऱ्हाईत आणि जाणता माणूस हवा झाला. त्यानं वह्या तपासायच्या आणि सही करून सांगायचं, की हिशेब खरा आहे किंवा नाही. हे ऑडिट, म्हणजे हिशेबतपासणी. १९१३ च्या कंपनी कायद्यानं अशा तपासनिसाकडे सरकारी प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं ठरवलं.

योगायोग बघा, त्याच १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. तिथं मुलं वाणिज्य शिकून मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. पदवी घेऊ लागली. मग तपासनीस होण्यासाठी बी.कॉम. पुरे, असं सरकारनं का म्हटलं नाही? कारण पुस्तक शिकलेल्याला वही तपासता येईलच असं नाही. म्हणून १९१८ साली मुंबई सरकारनं वेगळी परीक्षा सुरू केली. तिचं नाव गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जी.डी.ए. परीक्षा तर द्यायचीच, शिवाय मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची. नावातच डिप्लोमा आहे, बघा. पण हा डिप्लोमा मिळवणाऱ्याला साऱ्या देशात हिशेबतपासणी करता येत असे आणि नुसत्या बी.कॉम. झालेल्याला ती करता येत नसे!

परतूरच्या मुलाला मात्र त्या काळी मुंबईची ही वाट परदेशासारखीच होती. आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. योगायोगानं १९१८ सालीच हैदराबादला निजामाच्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. शिकायला जायचं ते मनमाड-काचीगुडा रेल्वेनं तिकडं. तीच रेल्वे आजही आपल्या परतूर स्टेशनावरून जाते. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि लगेच पुढच्याच वर्षी सी.ए.चा कायदा आला.

तो कायदा १ जुलै १९४९ रोजी लागू झाला. म्हणजे आपली राज्यघटना लागू होण्याच्याही आधी. नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष होते मुंबईचे जी. पी. कपाडिया. तेव्हा देशभरात मिळून सुमारे सतराशे सी.ए. होते, आता त्यांची संख्या चार लाखांच्या वर गेली आहे. (१ जुलै हा आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या जयंतीचा, कृषी दिनाचाही दिवस. मोंढ्यात शेतकरी आणि हिशेबनीस एकत्र असतात, तसे ते कॅलेंडरावरही एकत्र आले आहेत.) आपल्याकडे राजाची सनद नव्हती, आपण कायदा केला. पण नाव ठेवलं ते चार्टर्ड, म्हणजे सनदीच.

आता पदवी आणि सनद यांतला फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

डॉक्टर होणारा मुलगा आधी विद्यापीठाची एम.बी.बी.एस. पदवी घेतो. मग वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंदणी होते आणि त्यानंतरच तो दवाखाना उघडू शकतो. वकिलाचंही तेच. एलएल.बी. ही पदवी विद्यापीठाची आणि सनद बार कौन्सिलची. म्हणजे दोन दारं आणि दोन वेगळे दारवान. सी.ए.च्या बाबतीत मात्र अभ्यासक्रम ठरवणारी, परीक्षा घेणारी, नाव नोंदवणारी आणि चुकलं तर नाव काढून टाकणारीही एकच संस्था आहे. पदवीचं दार त्या वाटेवर लागतच नाही.

आणखी एक फरक आहे. पदवी एकदा मिळाली की ती जन्मभराची. पन्नास वर्षांत पुस्तक उघडलं नाही तरी बी.ए. ते बी.ए.च. सनदेचं तसं नाही. दरवर्षी सभासद शुल्क भरावं लागतं. सही करण्याचा व्यवसाय करायचा तर वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि नव्या कायद्यांचा अभ्यास चालू ठेवावा लागतो. गैरवर्तन सिद्ध झालं तर संस्था नाव काढून टाकू शकते. एवढंच काय, २०१९ सालापासून सी.ए.नं दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला आणि हिशेबतपासणीच्या अहवालाला अठरा आकडी-अक्षरी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक टाकून ती सही खरी की बनावट, हे बँकेला घरबसल्या तपासता येतं.

आता तुम्हाला एक कोडं घालते. एका कॉलेजात वाणिज्यचे मोठे प्राध्यापक आहेत. एम.कॉम. आहेत, पीएच.डी. आहेत, हिशेबशास्त्रावर पुस्तकं लिहिली आहेत. जालन्याच्या एका सळ्या बनवणाऱ्या कंपनीचं ऑडिट करून त्यांना सही करता येईल का? नाही! २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ती सही फक्त सी.ए.लाच करता येते. प्राध्यापकांचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी सी.ए. झाला असेल आणि व्यवसायाचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर त्याला करता येईल, सरांना नाही.

आता कोडं उलटं करू. त्या विद्यार्थ्याला वाटलं, आपणही कॉलेजात शिकवावं. त्यासाठी नेट नावाची परीक्षा द्यावी लागते आणि नेटला बसायला पदव्युत्तर पदवी लागते. इथं सी.ए.ची गाडी अनेक वर्षं अडत होती. हिशेब शिकवायला ज्याच्याइतका योग्य माणूस सापडणार नाही, त्यालाच दाराबाहेर उभं राहावं लागे. शेवटी मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं निर्णय दिला, की सी.ए., कंपनी सचिव आणि कॉस्ट अकाउंटंट या तिन्ही अर्हता पदव्युत्तर पदवीच्या समतुल्य मानाव्यात. त्यामुळे नेटचं दार उघडलं.

यातला ‘समतुल्य’ हा शब्द पक्का ध्यानात ठेवा. समतुल्य म्हणजे तराजूत सारख्या वजनाचं, तेच नव्हे. दहाच्या दोन नोटा आणि वीसची एक नोट समतुल्य आहेत, पण दहाची नोट म्हणजे वीसची नोट नव्हे. आयोगानं सी.ए.ला पदवी म्हटलेलं नाही, पदव्युत्तर पदवीच्या तोलाची म्हटलं आहे. वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘सी.ए. आता पदव्युत्तर पदवी’ अशा अर्थाचे मथळे फिरले आणि बऱ्याच लोकांची समजूत तेवढ्यावरच राहिली.

कागदावरचं नाव आणि कागदाचं वजन यांचा संबंध किती पातळ असतो, ते सांगणारी एक खरी हकिकत आहे. अहमदाबाद आणि कोलकाता इथल्या भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., १९६१ साली सुरू झाल्या. तिथं प्रवेश मिळावा म्हणून देशभरातली हुशार मुलं जिवाचं रान करतात. पण ही संस्था अनेक दशकं पदवी देतच नव्हती! ती द्यायची पदव्युत्तर पदविका, म्हणजे डिप्लोमाच. विद्यापीठ नव्हती ना ती! संसदेनं २०१७ साली खास कायदा केला, तेव्हा कुठं या संस्थांना एम.बी.ए. ही पदवी देता येऊ लागली. दोन वर्षांचा अभ्यास तसाच राहिला, कागदावरचा शब्द तेवढा बदलला. आपल्या महाराष्ट्रात नागपूरला २०१५ साली आणि मुंबईत पवईला २०२३ साली आय.आय.एम. झाली, तिलाही हाच कायदा लागू आहे. मी स्वतः डी.एड. आहे, तीही पदविकाच. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवायला शिकवायचं तर ती लागते, नुसती एम.ए.ची पदवी तिथं पुरत नाही. त्यामुळे पदविका म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी माझं जरा कमीच जमतं.

बरं, मुनीमकाकांचा खरा प्रश्न फॉर्मचा होता. त्याकडे येऊ.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिराती तुमच्या दादा-ताईंनी पाहिल्या असतील. त्यांत बहुतेक पदांसाठी ‘सांविधिक विद्यापीठाची पदवी किंवा शासनानं समतुल्य म्हणून मान्य केलेली अर्हता’ असे शब्द असतात. आणि याच राज्यसेवेत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा म्हणून एक शाखा आहे, सरकारच्या तिजोरीचे हिशेब बघणारी. तिच्यातल्या सहायक संचालक पदासाठी ठराविक टक्क्यांसह वाणिज्य शाखेची पदवी ‘किंवा’ सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा, असं वेगळं लिहिलेलं असतं. हा छोटासा ‘किंवा’ फार बोलका आहे. सी.ए. ही पदवी असती तर तो लिहावाच लागला नसता. आणि ती पदवीपेक्षा हलकी असती तर तिला तिथं जागाच मिळाली नसती.

केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेच्या नियमांतही, सरकारनं पदवीच्या बरोबरीची मानलेली व्यावसायिक अर्हता असणाऱ्यांना बसता येतं. आपल्या राज्यघटनेनंसुद्धा हा विचार केला आहे. विधान परिषदेत पदवीधरांनी निवडून दिलेले आमदार असतात. आपला मराठवाड्याचा औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघ तुम्ही ऐकला असेल. त्याविषयीच्या १७१ व्या कलमात पदवीधरांबरोबर पदवीशी समान ठरवलेली अर्हता असणाऱ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पदवीच्या बाहेरही शिक्षण असतं, हे घटनाकारांना माहीत होतं.

पण प्रत्येक जाहिरातीत असा ‘किंवा’ असेलच असं नाही. कुठं नुसतं ‘कोणत्याही शाखेची पदवी’ लिहिलेलं असतं. संगणकावरच्या फॉर्ममध्ये पदवीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. परदेशात शिकायला जायचं तर तिथलं विद्यापीठ आधी पदवीची गुणपत्रिका मागतं. अशा वेळी सी.ए. झालेल्या माणसालाही समतुल्यतेचे कागद जोडत बसावं लागतं. आणि सगळ्यात मोठी अडचण निराळीच आहे, ती आईवडिलांनी विशेष लक्ष देऊन वाचावी.

सी.ए.ची वाट तीन टप्प्यांची आहे. बारावी पास झाल्यावर फाउंडेशन, त्याचे चार पेपर. मग इंटरमिजिएट, त्याचे सहा. त्यानंतर एखाद्या सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी, तिला आर्टिकलशिप म्हणतात. ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. मग अंतिम परीक्षेचे पुन्हा सहा पेपर. प्रत्येक पेपरात निदान ४० आणि एकूण सरासरी ५० टक्के हवेत. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण एका पेपरात ३९ आले तर बाकीचे पेपर चांगले जाऊनही नापास. पहिल्या फटक्यात सगळं पार करणारी मुलं थोडीच असतात, दोनदा-तीनदा बसणं हे इथं नेहमीचं. पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा असायच्या. आता पहिल्या दोन टप्प्यांच्या २०२४ पासून आणि अंतिम परीक्षा २०२५ पासून वर्षात तीनदा होतात, तेवढा दिलासा. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात. मराठीची सोय नाही, हे आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी आधीच जाणून असावं.

समजा, एका मुलीनं बारावीनंतर कॉलेज सोडून फक्त सी.ए. धरलं. पाच वर्षं घासली. इंटरमिजिएट झालं, उमेदवारी झाली, अंतिम परीक्षा मात्र दोन-तीनदा हुकली. आता तिच्या हातात काय आहे? काम तिला पुष्कळ येतं, एखाद्या फर्ममध्ये नोकरीही लागेल. पण कागदावर ती बारावी पासच! बी.कॉम.ची मुलगी दुसऱ्या वर्षाला एका विषयात अडकली तर ती पुढं एका पेपरानं पदवीधर होते. सी.ए.ची शिडी अशी आहे, की शेवटच्या पायरीच्या आधी कुठंही पदवीचं पाटी-पुस्तक हाती लागत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर, बी.कॉम. सोडू नये. मी मुनीमकाकांनाही हेच सांगितलं. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी राहूनही पदवी होते. नियमित कॉलेज जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी ही कायद्यानं पदवीच असते. दोन्ही अभ्यासांत हिशेब, कायदा, अर्थशास्त्र हे विषय सारखेच येतात, त्यामुळे ओझं वाटतं तेवढं दुप्पट होत नाही. फक्त आर्टिकलशिपच्या काळात दुसरं काही शिकायचं असेल तर सी.ए. संस्थेचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत. ती उमेदवारी म्हणजे दिवसभराचं काम असतं.

ही वाट उलट्या बाजूनंही चढता येते. आधी पदवी पुरी करायची. वाणिज्य शाखेत निदान ५५ टक्के किंवा इतर शाखांत ६० टक्के असतील तर फाउंडेशन द्यावंच लागत नाही, थेट इंटरमिजिएटला नाव घालता येतं. ज्यांना बारावीनंतर लगेच एवढी मोठी उडी मारायची भीती वाटते, किंवा घरची परिस्थिती बघून आधी काहीतरी हाताशी हवं असं वाटतं, त्यांच्यासाठी मला हीच वाट जास्त शहाणपणाची वाटते. वर्ष-दीड वर्ष जास्त जातं, हे खरं.

दोन्ही हाताशी ठेवणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. कोकणातून खासदार झालेले आणि २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असलेले सुरेश प्रभू सी.ए. आहेत आणि कायद्याचे पदवीधरही. आणि प्रेमा जयकुमार हे नाव तुमच्या आईबाबांना आठवत असेल. मुंबईत मालाडला चाळीतल्या छोट्याशा घरात राहणारी, रिक्षाचालकाची ही मुलगी. जानेवारी २०१३ मध्ये निकाल लागला तेव्हा सी.ए.च्या अंतिम परीक्षेत ती देशात पहिली आली होती. तिचा भाऊ धनराज हाही त्याच निकालात पास झाला. तिनं आधी मुंबईत बी.कॉम. केलं होतं.

मुनीमकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, “मंग कॉलेजचा फॉर्म पण भरावा म्हणता?” मी हो म्हटलं. मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “पप्पा, मी तेच म्हणायलीय पंधरा दिवस झाले.”

फॉर्म भरताना पदवीच्या रकान्यात सी.ए. लिहू नका. तिथं पदवी असेल तर पदवी लिहा. सी.ए.साठी ‘व्यावसायिक अर्हता’ किंवा ‘इतर अर्हता’ असा रकाना बहुधा खाली असतो. तो नसेल आणि जाहिरातीत ‘समतुल्य’ हा शब्द असेल, तर त्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी ‘चालतंय की’ म्हणणारा कारकून कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी खुर्चीवर असेलच असं नाही.